हजेरीपटाबाहेरची फवारणी

शहादा तालुक्यात तापी आणि गोमाईच्या काठानं ऊस आणि कपाशी शेजारी शेजारी असते. उसात रुंद पानाचं तण माजलं की २,४-डी मारतात. औषध स्वस्त, उसाला इजा नाही, आणि तण थोड्या दिवसांत पिळवटून मान टाकतं. पण फवारणीच्या दिवशी वारा कपाशीकडे असेल, किंवा उसात वापरलेला पंप नुसता खळबळून दुसऱ्या दिवशी कपाशीवर मावा-तुडतुड्याच्या औषधाला नेला असेल, तर कपाशीचा शेंडा बिघडतो. पसरट पान अरुंद होत जातं, त्याला लांब लांब फाटे फुटतात, शिरा जवळ येऊन समांतर धावतात. बांधावरून पाहिलं तर कपाशीच्या रोपाला भेंडीचं पान लागल्यासारखं दिसतं. शेतकरी आधी बियाण्याला शिव्या देतो, मग कुठला तरी नवा रोग आला म्हणतो, शेवटी एखादा जाणता शेजारी खरं कारण सांगतो. तालुक्याला अर्ज जातो, कृषी खात्याची माणसं येतात, पानं तपासतात, पंचनामा होतो.

तो पंप ज्याच्या पाठीवर होता, त्याची चौकशी या सगळ्यात कुठंच येत नाही. पंपाचं झाकण गळत होतं का, त्याच्या पाठीवरून औषध ओघळलं का, संध्याकाळी त्याचं डोकं दुखलं का, हे पंचनाम्याच्या नमुन्यात नाही. पुढच्या पानांवरचा मजकूर त्या माणसाविषयी आहे. त्याला नाव, दिवस आणि ठिकाण असलेली एक नोंद मिळावी, एवढीच या पुस्तकाची मागणी. मागणी किरकोळ वाटेल. तिच्यामागचं कारण समजायला मात्र आधी बरंच लांब, व्हिएतनामपर्यंत जावं लागतं.

उसातलं हे २,४-डी एका बदनाम मिश्रणाचा अर्धा भाग होतं. २,४-डी आणि २,४,५-टी या दोन तणनाशकांची एस्टर रूपं सारख्या प्रमाणात मिसळून अमेरिकन लष्करानं जे द्रावण केलं, त्याच्या पिंपावर नारिंगी पट्टा असे. म्हणून ते एजंट ऑरेंज. पांढऱ्या, निळ्या, जांभळ्या पट्ट्यांची पिंपंही होती. निळ्या पट्ट्यातलं आर्सेनिकयुक्त द्रावण भाताच्या खाचरांवर मारत, म्हणजे शत्रूचं जेवणच मारत. १९६२ ते १९७१ या काळात ‘ऑपरेशन रँच हँड’ या नावाखाली सात कोटी लिटरहून जास्त तणनाशक दक्षिण व्हिएतनामच्या जंगलांवर आणि शेतांवर पडलं. बहुतेक विमानातून, काही हेलिकॉप्टर, ट्रक आणि नावांवरून, आणि छावण्यांच्या कुंपणाभोवती आपल्यासारखंच पाठीवरच्या पंपानं.

त्यातलं जहर होतं २,४,५-टी मध्ये. ते तयार करताना तापमान हाताबाहेर गेलं की टीसीडीडी नावाचं डायॉक्सिन बनतं. लाखात किती असं न मोजता अब्जात किती असं मोजावं लागणारं हे द्रव्य माणसाच्या चरबीत शिरलं की वर्षानुवर्षं तिथंच राहतं. निम्मं बाहेर पडायलाही सात वर्षं किंवा अधिक लागतात. २,४,५-टी ला भारतात नोंदणी नाकारलेली आहे. २,४-डी मात्र नंदुरबारच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं. मे २०२० मध्ये केंद्र सरकारनं ज्या २७ कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला, त्यात त्याचं नाव होतं. २०२३ मध्ये अंतिम आदेश निघाला तेव्हा यादी मूठभर नावांवर आली आणि २,४-डी सुटलं. इथं एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी, कारण तिच्यावरून भीती पिकवणारे पुष्कळ आहेत. आजचं २,४-डी म्हणजे एजंट ऑरेंज नव्हे. टीसीडीडी त्याच्या जोडीदाराबरोबर आलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये २,४-डी ला ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या सौम्य गटात ठेवलं आणि ग्लायफोसेटला त्याहून वरच्या, ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात. दुकानदाराला हे विचारलं तर तो हसेल, कारण गावात ग्लायफोसेट सगळ्यांत सौम्य म्हणून खपतं.

अमेरिकेत परतलेल्या सैनिकांचं काय झालं, ही कहाणी विज्ञानापेक्षा कागदांची अधिक आहे. सत्तरच्या दशकात तिशीतली माणसं कर्करोग, अंगावरचे न बरे होणारे फोड, मुलांमधली व्यंगं घेऊन माजी सैनिकांच्या कार्यालयात येत होती आणि ‘सेवेशी संबंध सिद्ध होत नाही’ असा शेरा घेऊन परत जात होती. १९७७ मध्ये शिकागोच्या कार्यालयात मॉड डीव्हिक्टर नावाच्या एका कर्मचारी बाईच्या लक्षात आलं की मरणाऱ्या एका सैनिकाच्या बायकोनं सांगितलेली गोष्ट तिनं आधीही ऐकली आहे. तिनं आपल्याच टेबलावर यादी करायला घेतली: कोण, कुठल्या तुकडीत, व्हिएतनाममध्ये कुठं, कधी, काय झालं. वरिष्ठांनी थांबायला सांगितलं. यादी एका दूरचित्रवाणी वाहिनीच्या पत्रकाराकडे गेली आणि मार्च १९७८ मध्ये शिकागोत त्यावर कार्यक्रम प्रसारित झाला. देशभर दावे सुरू झाले ते त्यानंतर. ना डॉक्टर, ना शास्त्रज्ञ; एका कारकुनी हातानं केलेली यादी. माझ्या मते या संबंध प्रकरणातलं सर्वांत मोठं काम तेच.

१९८४ मध्ये सात रासायनिक कंपन्यांनी खटला उभा राहण्याच्या दिवशी सकाळी १८ कोटी डॉलरवर तडजोड केली. दोष कबूल केला नाही. ऑस्ट्रेलियात त्याच सुमाराला एका शाही आयोगानं एजंट ऑरेंजला जवळजवळ निर्दोष सोडलं. थोडक्यात, न्यायालयात ‘या फवाऱ्यामुळेच हा आजार’ हे कोणालाच सिद्ध करता आलं नाही, आणि करता येणारही नव्हतं. कर्करोगाच्या गाठीवर कारखान्याचं नाव नसतं.

मग १९९१ मध्ये अमेरिकेच्या संसदेनं कायदा केला आणि प्रश्नच उलटा केला. ९ जानेवारी १९६२ ते ७ मे १९७५ या काळात जो सैनिक व्हिएतनाममध्ये होता, त्याच्या अंगाला तणनाशक लागलं असं गृहीत धरायचं. त्यानं काही सिद्ध करायचं नाही. सेवापुस्तिकेत तारीख आणि ठिकाण असलं की झालं. आणि आजारांचं काय? विज्ञान अकादमीच्या समितीनं दर दोन वर्षांनी सगळं संशोधन चाळायचं. आजाराशी संबंध दाखवणारा विश्वासार्ह पुरावा विरुद्ध बाजूच्या पुराव्याच्या तोडीचा किंवा त्याहून भारी असला, की तो आजार यादीत. तराजू समसमान असेल तर झुकतं माप सैनिकाला. गावच्या पंचायतीत निवाडा करणाऱ्या म्हाताऱ्यांनाही हे तत्त्व पटलं असतं.

या यादीनं गेल्या ३० वर्षांत केलेला प्रवास पाहण्यासारखा आहे. सुरुवातीला त्वचेचा क्लोरॅक्ने आणि लसिका ग्रंथींचे काही कर्करोग. मग प्रोस्टेटचा कर्करोग. २००१ मध्ये दुसऱ्या प्रकारचा मधुमेह. २०१० मध्ये पार्किन्सन आणि रक्तपुरवठा कमी पडून होणारा हृदयविकार. २०२१ मध्ये मूत्राशयाचा कर्करोग आणि थायरॉइड मंदावणं. ऑगस्ट २०२२ च्या ‘पॅक्ट’ कायद्यानं उच्च रक्तदाब. मधुमेह आणि रक्तदाब यादीत आल्यावर टीकाकार म्हणाले, साठी ओलांडलेल्या कोणाला हे नसतं? आक्षेप खोटा नाही. पण ज्यांना सरकारनंच फवाऱ्याखाली उभं केलं, त्यांच्या बाबतीत चुकायचंच असेल तर देण्याच्या बाजूनं चुकावं, असा तो निर्णय होता. पैशाचा हिशेब करून घेतलेला राजकीय निर्णय. विज्ञानानं फक्त दार उघडून दिलं. यादीत असलेल्याला दरमहा भरपाई, उपचार, त्याच्यामागे विधवेला वेतन, आणि पाठीच्या कण्यात जन्मजात फट असलेल्या मुलांनाही मदत.

तरीही भांडण ‘तो तिथं होता का’ याच मुद्द्यावर अडत राहिलं. किनाऱ्याजवळ जहाजांवर असलेल्या नाविकांनी जमिनीवर पाय ठेवला नाही म्हणून त्यांना वर्षानुवर्षं बाहेर ठेवलं गेलं. २०१९ मध्ये वेगळा कायदा करून त्यांना आत घ्यावं लागलं. थायलंडमधल्या तळांवरचे सैनिक तर २०२२ मध्ये सरसकट आत आले. आणि ज्यांच्या अंगणात हे सगळं पडलं त्या व्हिएतनामी माणसांना यातलं काहीच लागू नाही. त्यांचा दावा न्यूयॉर्कच्या न्यायालयानं २००५ मध्ये फेटाळला. अमेरिकेनं दा नांगच्या विमानतळावरची विषारी माती तापवून स्वच्छ करायला पैसे दिले, माणसांना भरपाई मात्र दिली नाही. मातीचा नमुना घेता येतो. शिवाय सैनिकांकडे सेवापुस्तिका होती आणि हवाई दलाकडे विमानफेऱ्यांची नोंद. कुठल्या तारखेला, कुठून कुठवर, किती गॅलन. त्याच नोंदी उकरून २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी फवाऱ्याचा सगळा हिशेब नव्यानं मांडला आणि तो आधी समजत होते त्यापेक्षा बराच मोठा निघाला. व्हिएतनामी शेतकऱ्याच्या नावावर अशी एक ओळही नव्हती.

आपल्याकडे हे तत्त्व अगदीच परकं नाही. भारतीय जवान भरतीच्या वेळी निरोगी होता आणि कागदावर तसं काही टिपलेलं नाही, तर पुढे झालेला आजार सेवेमुळेच झाला असं धरायचं. उलट सिद्ध करायचं असेल तर ते लष्करानं करायचं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात सांगितलं. केरळातल्या कासारगोडमध्ये काजूच्या बागांवर सरकारी महामंडळानं वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारलं, तेव्हाही शेवटी बाधितांची यादी करावी लागली आणि जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला सांगितले. पैसे मिळायला पुढेही वर्षं गेली. २०२२ मध्ये न्यायालयाला राज्याला पुन्हा फटकारावं लागलं. पण निदान यादी होती, आणि नाव असलेल्याला दार ठोठावता येत होतं.

आता नंदुरबार. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत दहापैकी जवळजवळ सात माणसं अनुसूचित जमातीची. खाली तापीचं सपाट, काळं, पाण्याचं रान: शहादा, तळोदा, नंदुरबार. तिथं ऊस, केळी, पपई, मिरची, कपाशी. वर सातपुडा: धडगाव आणि अक्कलकुव्याचा डोंगरी भाग, जिथं अजूनही एका वावरात ज्वारी, मका, तूर, चवळी एकत्र उभी दिसते. एकत्र पेरलेल्या वावरात तणनाशक चालत नाही, एक वाचवायला गेलं की दुसरं मरतं. म्हणून डोंगरात हे औषध उशिरा आलं. सरदार सरोवराच्या पाण्यात गेलेली गावं तळोदा-शहाद्याच्या सपाटीवर वसवली गेली, तेव्हा त्या माणसांनी घरांबरोबर शेतीची पद्धतही बदलली. एक पीक, विकतचं बी, विकतचं खत, आणि पाठोपाठ पंप.

तणनाशकाचा प्रसार का झाला हे समजून न घेता त्याला शिव्या देण्यात अर्थ नाही. निंदणीला बायका मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही, आणि पाऊस लागून राहिला की कोळपं चालत नाही. एकरभर निंदायला दहा-बारा बायांचा दिवस जातो तिथं एक माणूस पंप घेऊन दुपारपर्यंत मोकळा होतो. त्यात मान्यता नसलेलं, तणनाशक सोसणारं एचटीबीटी कपाशीचं बियाणं चोरवाटेनं पोचलं. खानदेशात ते पकडल्याच्या बातम्या येतच असतात. ग्लायफोसेटची शिफारस आपल्याकडे चहाचे मळे आणि पडीक जागांसाठी. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रानं तर ते फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांनीच वापरावं असं बंधन घातलं. मोलगीच्या किंवा काठीच्या शिवारात असा परवानाधारक कोणी पाहिला असेल तर त्यानं जरूर कळवावं. आणि ज्या बाया निंदणीला जात होत्या त्यांची मजुरी गेलीच, पण औषधाशी संबंध सुटला नाही. पंपाला पाणी त्याच आणतात, नवऱ्याचे भिजलेले कपडे त्याच धुतात.

हा पंप पाठीवर घेतो कोण? मोठ्या बागायतदाराच्या शेतात सालदार, नाहीतर रोजावरचा माणूस, नाहीतर ठेका घेऊन पंपामागे पैसे मोजणारी पोरं. बोलणं सगळं तोंडी. १९७० च्या दशकात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेनं शहादा भागात सालदारांच्या मजुरीसाठी आणि गहाण गेलेल्या जमिनींसाठी जी चळवळ उभी केली, तिच्यामुळे मजुरीचे आकडे हलले, माणसं ताठ उभी राहिली. हजेरीपट मात्र शेतापर्यंत आला नाही. आजही एखाद्या सालदारानं वर्षभरात किती दिवस, काय काय फवारलं, हे त्याच्या मालकालाही सांगता येणार नाही. ऊसतोडीला सीमेपलीकडे बारडोली-सुरतकडे गेलेल्या टोळ्यांची तर गोष्टच वेगळी. वर्षातले सहा महिने ती माणसं कुठल्याच तलाठ्याच्या दप्तरात नसतात.

सगळं अडतं ते इथं. टीसीडीडी शरीरात वर्षानुवर्षं राहत होतं, म्हणून काही अमेरिकन सैनिकांच्या रक्तात ते वीस वर्षांनीही मोजता आलं. आजची तणनाशकं तशी नाहीत. २,४-डी आणि ग्लायफोसेट लघवीवाटे काही दिवसांत निघून जातात. शरीरासाठी ते बरंच आहे, पुराव्यासाठी वाईट. दहा वर्षांनी लसिका ग्रंथीचा कर्करोग झालेल्या माणसाच्या अंगात त्या दहा वर्षांची खूण राहिलेली नसते. खूण राहू शकते ती कागदावर, तीही त्या वेळी केली असेल तर.

कायद्याकडे पाहिलं तर थोडं चक्रावायला होतं, कारण कागदावर आपल्याकडे पुष्कळ आहे. १९६८ चा कीटकनाशक कायदा तणनाशकांनाही लागू आहे. त्याच्या कलम २६ खाली राज्य सरकार विषबाधेच्या घटना कळवणं बंधनकारक करू शकतं. १९७१ च्या नियमांत फवारणी करणाऱ्यांच्या वैद्यकीय तपासणीची आणि संरक्षक कपड्यांची तरतूद आहे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत शेतात कीडनाशक फवारणारा मजूर स्पष्ट शब्दांत येत होता, आणि व्यवसायजन्य आजारांच्या पहिल्याच भागात सेंद्रिय फॉस्फरस संयुगांची विषबाधा होती. त्या भागातला आजार झाला की तो कामावरचा अपघात समजायचा. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा घेतलेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती यादी आहे. म्हणजे अमेरिकेनं १९९१ मध्ये केलेल्या गृहीतकाचं बीज आपल्याकडे आधीपासून पडलेलं आहे. (रसायनशास्त्राच्या हिशेबानं ग्लायफोसेटही सेंद्रिय फॉस्फरस संयुगच आहे, जरी ते फॉस्फरसच्या कीटकनाशकांसारखं मज्जातंतूंवर घाव घालत नाही. एखाद्या हुशार वकिलानं यावर न्यायालयात काय रंग भरला असता, याची कल्पना करून पाहण्यासारखी आहे.) पण भरपाईचा दावा करायचा तर मालक कोण, मजूर कोण आणि त्या दिवशी काम होतं का, हे दाखवावं लागतं. म्हणजे पुन्हा हजेरीपट.

राज्यात लोकांच्या ओळखीची योजना दुसरीच: गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना, जी आता विमा कंपनीऐवजी सानुग्रह अनुदान म्हणून चालते. औषध हाताळताना झालेली विषबाधा तिच्यात बसते. मृत्यू झाला तर दोन लाख, दोन्ही डोळे किंवा दोन अवयव गेले तरी दोन लाख, एक गेला तर एक लाख. पण ती सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदारासाठी आणि त्याच्या घरातल्या एका माणसासाठी. ज्याच्या नावावर वीतभर जमीन नाही आणि जो दुसऱ्याच्या वावरात दिवसभर फवारतो, तो तिच्या बाहेर. आणि ही योजना अपघाताची आहे: आज फवारलं, आज कोसळला. १५ वर्षांनी हात थरथरायला लागले तर तिच्यात त्याला रकाना नाही.

यवतमाळमध्ये २०१७ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरात जे घडलं त्यानं निदान पहिल्या प्रकाराकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात. उंच वाढलेली कपाशी, दमट हवा, दोन-तीन औषधांची एकत्र मिसळ, आणि विषाचा प्रकार ओळखायला लागणाऱ्या रक्ततपासणीची जिल्ह्यात वानवा. विशेष तपास पथक नेमलं गेलं, पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर काही काळ बंदी आली, आणि नंतर मुखवटे-हातमोज्यांची किट वाटली गेली. किट वाईट नाही. पण भाद्रपदातल्या उन्हात, खांद्याएवढ्या कपाशीत, ओला रेनकोट आणि चष्मा घालून दुपारपर्यंत पंप चालवून दाखवावा, आणि मग ‘मजूर किट वापरत नाहीत’ असं म्हणावं. सगळा दोष फवारणाऱ्याच्या निष्काळजीपणावर ढकलायची ही सोय फार जुनी आहे.

तणनाशकांचं दुखणं बहुतेक वेळा यवतमाळसारखं एकाएकी येत नाही. अपवाद पॅराक्वाटचा. ते पोटात गेलं तर उतारा नाही. माणूस पहिल्या दिवशी बोलत असतो आणि आठवड्याभरात फुप्फुसं साथ सोडतात. युरोपीय संघात ते २००७ पासून बंद आहे, आपल्याकडे मिळतं. बाकीच्यांचं नुकसान झिरपणारं आहे: भाजल्यासारखी चामडी, डोळ्यांची आग, मळमळ, आणि लांबच्या पल्ल्याचे आजार, ज्यांच्यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. पॅराक्वाट आणि पार्किन्सन यांचा संबंध अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या काही अभ्यासांत दिसला, काहींत दिसला नाही. ग्लायफोसेटवर तर न्यायालयं एकीकडे आणि नियामक संस्था दुसरीकडे. या पुस्तकातल्या आरोग्यावरच्या प्रकरणांत हे मतभेद लपवलेले नाहीत. शंभर टक्के खात्रीची वाट पाहायची की तराजू समसमान झाला की फवारणाऱ्याच्या बाजूनं झुकायचं, एवढंच वाचकानं ठरवायचं आहे. माझं मत वर आलेलंच आहे.

पुस्तकाची मांडणी थोडी वेडीवाकडी आहे आणि ती तशीच राहू दिली आहे. औषधांची माहिती बाजारातल्या नावांनी नाही, घटकांच्या नावांनी दिली आहे, कारण एकाच घटकाची दुकानात असंख्य नावं असतात आणि ती दर हंगामाला बदलतात. डब्यावर घटकाचं नाव कुठं शोधायचं ते चित्रासह दाखवलं आहे. डब्यासोबतच्या माहितीपत्रकात हिंदी, इंग्रजी आणि एखाददुसरी प्रादेशिक भाषा असते. पावरी, भिली, मावची नसते. ज्यांना ते वाचायचं आहे त्यांच्यातल्या अनेकांची मायबोली या तिघींपैकी एक आहे. म्हणून डब्यावरच्या लाल, पिवळा, निळा आणि हिरवा या त्रिकोणांचा अर्थ सांगणारं पान तोंडी सांगता येईल अशा छोट्या वाक्यांत ठेवलं आहे. ज्यांना सगळं पुस्तक वाचायला सवड नाही त्यांनी निदान तेवढं पान वाचून दाखवावं. आशाताईंनी आणि आश्रमशाळेतल्या मोठ्या मुलामुलींनी खास करून.

शेवटी नोंदीचा नमुना छापला आहे. पाच रकाने: तारीख, कोणाचं शेत, कुठलं औषध, किती पंप, आणि अंगाला लागलं का, लागलं तर कुठं. लिहिता न येणाऱ्यानं घरातल्या शाळकरी पोराकडून लिहून घ्यावं. मोबाइलवर डब्याचा फोटो काढला तरी तारीख आपोआप उमटते. मालकाची सही मिळाली तर उत्तम, न मिळाली तरी नोंद थांबवू नये. ग्रामपंचायतीनं वर्षाकाठी त्याची प्रत ठेवून घेतली तर पुढेमागे कोणाला दावा करायचा झाल्यास कागद सापडेल.

डॉक्टरांना एक विनंती. नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तालुक्यांत ग्रामीण रुग्णालयं आहेत, आणि फवारणीनंतर उलट्या घेऊन आलेला माणूस बहुधा आधी त्यांच्यापैकीच कोणाकडे पोचतो. केसपेपरवर नुसतं ‘विषबाधा’ किंवा ‘अज्ञात विष’ लिहून मोकळं होऊ नका. सोबत आलेल्या माणसाला डबा आणायला लावा, घटकाचं नाव उतरवून घ्या, आणि ते पोटातून गेलं की कातडीतून, फवारताना की इतर कारणानं, हेही लिहा. अपघात की आत्महत्या, या एका शब्दावर घरच्यांचा अर्ज मंजूर किंवा नामंजूर होतो, आणि तो शब्द बहुतेक वेळा रात्रपाळीच्या डॉक्टरनं घाईत लिहिलेला असतो.